गोवळकोंडा : पाहुण्यांसोबत जाण्यापूर्वी

हैदराबादेतल्या मराठी घरी पुण्या-मुंबईचे किंवा नांदेड-लातूरचे पाहुणे आले की दोन दिवसांचा कार्यक्रम ठरलेला असतो. चारमिनार, सालारजंग संग्रहालय, एका संध्याकाळी हुसेनसागर आणि एका सकाळी गोवळकोंडा. गडावर नेण्याचे काम घरात ज्याच्याकडे वेळ असेल त्याच्याकडे येते, म्हणजे बहुधा आमच्यासारख्या निवृत्तांकडे. अशा फेऱ्या आम्ही बऱ्याच केल्या. प्रवेशद्वारात टाळी वाजवायची, धापा टाकत वर जायचे, फोटो काढायचे आणि उतरायचे, असा सगळ्यांचा क्रम असतो. उतरताना कोणीतरी विचारतेच, “शिवाजी महाराज इथे आले होते ना? ती जागा कुठली?”

या प्रश्नाचे उत्तर नीट देता यावे, आणि घरातल्या मुलांनाही ते ठाऊक असावे, म्हणून ही माहिती एकत्र केली आहे. मुले इथल्या शाळेत कुतुबशाही शिकतात आणि घरी महाराजांच्या गोष्टी ऐकतात. हे दोन्ही इतिहास एके ठिकाणी भेटतात, हे त्यांना कोणी सांगत नाही. ते सांगण्यासाठी गोवळकोंड्याइतकी सोयीची जागा नाही. मात्र त्यासाठी गडाबरोबर शहरही पाहावे लागते. ते का, हे पुढे येईलच.

नाव आणि आरंभ

तेलुगूत ‘गोल्ला’ म्हणजे गुराखी किंवा धनगर आणि ‘कोंडा’ म्हणजे डोंगर. जुन्या मराठी लेखनात गडाचे नाव गोवळकोंडा असे येते. गोवळ म्हणजे गुराखी हे मराठीत वेगळे सांगायला नको. म्हणजे आपल्या माणसांनी नावाचा पहिला अर्धा भाग आपल्या भाषेत आणला आणि दुसरा तेलुगूच ठेवला. इंग्रजी उच्चारामुळे आता आपणही ‘गोलकोंडा’ म्हणू लागलो आहोत. घरात तरी गोवळकोंडा म्हणावे, असे आम्हाला वाटते.

वरंगळच्या काकतीयांच्या काळी या ग्रॅनाइटच्या टेकडीवर मातीचा कोट होता. चौदाव्या शतकात तो बहमनी सुलतानांकडे गेला. बहमनी राज्य मोडकळीला आले तेव्हा तेलंगणाचा त्यांचा सुभेदार सुलतान कुली याने इथे आपली सत्ता उभी केली. कुतुबशाहीचा आरंभ १५१८ पासून धरतात. पहिल्या काही सुलतानांनी मातीच्या कोटाचा दगडी किल्ला केला. त्यांतला इब्राहीम कुतुबशहा तरुणपणी भावाच्या भीतीने विजयनगरला रामरायाच्या आश्रयाला काही वर्षे राहिला होता. तेलुगू कवींना आश्रय देणारा राजा म्हणून तेलुगू साहित्यात त्याचे नाव ‘मलकिभराम’ असे आदराने येते.

त्याचा मुलगा महंमद कुली कुतुबशहा याने १५९१ मध्ये मुसी नदीच्या दक्षिण तीरावर नवे शहर वसवले आणि मधोमध चारमिनार उभा केला. हेच आपले हैदराबाद. मराठी कागदपत्रांत त्याचे नाव भागानगर असे येते. महंमद कुली स्वतः दखनी भाषेचा मोठा कवी होता.

शहर वसल्यावर दरबार, राजवाडे, बाजार सगळे तिकडे गेले. गड ओस मात्र पडला नाही. पुढची शंभर वर्षे एक रीतच झाली. सुखाचे दिवस असतील तर सुलतान शहरात राहायचा, शत्रू चालून आला की गडात जायचा. १६५६ मध्ये औरंगजेब शहजादा असताना चालून आला, तेव्हा अब्दुल्ला कुतुबशहा शहर सोडून गडात शिरला. १६८५ मध्ये मोगल आले तेव्हा अबुल हसन कुतुबशहानेही तेच केले. ही रीत लक्षात ठेवली की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो.

किल्ला नेमका केवढा?

आपण तिकीट काढून पाहतो तो बालाहिसार, म्हणजे सर्वांत आतला भाग. मूळ किल्ला पुष्कळ मोठा आहे. बाहेरच्या तटाचा घेर साधारण १० किलोमीटर असून त्याला ८७ बुरूज आणि आठ दरवाजे आहेत. लंगर हौजकडून येताना आपली गाडी ज्या अरुंद, वळणाच्या दरवाजातून हॉर्न वाजवत आत शिरते तो फतेह दरवाजा. इथूनच आपण किल्ल्यात आलेले असतो. पुढे घरे, दुकाने, मशिदी, शाळा लागतात, त्या सगळ्या तटाच्या आत आहेत. आजही तिथे मोठी वस्ती नांदते. पाहुण्यांना हे गाडीतच सांगावे, नाहीतर बालाहिसारचा दरवाजा दिसेपर्यंत सगळे मोबाइलमध्ये असतात.

फतेह दरवाजाची दारे उघडी असली तरी त्यांची जाडी आणि त्यांवरचे लोखंडी खिळे पाहण्यासारखे आहेत. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते खिळे. दरवाजासमोर आडवी भिंत आणि रस्त्याला वळण, हेही त्याचसाठी. हत्ती असो की फौज, तिला धावत येऊन जोर लावता येत नाही. रायगड-प्रतापगड पाहिलेल्यांना गोमुखी दरवाजाची रचना ठाऊक असते. तिची आठवण करून दिली की मुलांना हे लगेच समजते.

कधी आणि कसे जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मार्चनंतर दगड तापतात. गड सकाळी ९ वाजता उघडतो. त्या वेळी दारात असावे म्हणजे ऊन चढण्यापूर्वी वर पोहोचता येते. हे स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. तिकीट ऑनलाइनही मिळते, आणि पंधरा वर्षांखालील मुलांना लागत नाही.

टेकडीची उंची सुमारे १२० मीटर आहे. पायऱ्या साडेतीनशेहून अधिक आहेत आणि त्या सारख्या उंचीच्या नाहीत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी वर जाण्याचा हट्ट धरू नये. खालच्या भागातही तास-दीड तास पाहण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ज्येष्ठ मंडळींसोबत कोणीतरी खाली थांबले तर त्यांनाही अवघडल्यासारखे होत नाही. चढणाऱ्यांनी पाणी खालूनच घ्यावे, पायांत पक्के बूट असावेत, डोक्याला टोपी किंवा उपरणे असावे.

आषाढात जाणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गडावरच्या जगदंबा महांकाळीच्या मंदिरापासून हैदराबादच्या बोनालूला सुरुवात होते. त्या महिन्यात गुरुवारी आणि रविवारी गडावर भाविकांची मोठी गर्दी असते. तेलुगू आणि मराठी महिने एकच, त्यामुळे आपण आषाढी एकादशीच्या तयारीत असतो त्याच दिवसांत इथल्या बाया डोक्यावर भाताचे मडके आणि त्यावर दिवा घेऊन गड चढतात. निवांत पाहायचे असेल तर हे दिवस टाळावेत. उत्सव पाहायचा असेल तर मुद्दाम जावे. १५ ऑगस्टला राज्य सरकारचे ध्वजवंदन २०१४ पासून इथेच होते, म्हणून त्या आठवड्यात जाण्यापूर्वी चौकशी करावी.

चढताना काय काय पाहावे

बालाहिसारच्या दरवाजावर चुन्यात केलेले मोर, सिंह आणि यालीची आकृती दिसते. सुलतानाच्या किल्ल्याच्या मुख्य दारावर दक्षिणेतल्या देवळांत दिसणारी याली कशी, असे कोणी विचारले तर कारागीर इथलेच होते एवढे उत्तर पुरे.

दरवाजातून आत गेल्यावर घुमटाखाली सगळे टाळ्या वाजवत उभे असतात. इथली टाळी वरच्या बारादरीत ऐकू येते. दारात कोण आले याची वर्दी वर देण्याचा हा उपाय. गर्दीत शंभर जण एकदम टाळ्या वाजवतात तेव्हा वर काहीच कळत नाही. सकाळी लवकर जाण्याचा हा आणखी एक फायदा. दोघांनी वर जाऊन थांबावे आणि खालच्यांनी फोन करून मग टाळी वाजवावी, म्हणजे मुलांची खात्री पटते.

पुढे सिलाहखाना, म्हणजे शस्त्रागाराची मजल्यांची इमारत लागते. जवळच नगीना बाग आहे, आणि अक्कण्णा-मादण्णांची कचेरी म्हणून दाखवतात ते पडके बांधकामही. मराठी माणसाने इथे दोन मिनिटे थांबावे. हे दोघे तेलुगू ब्राह्मण बंधू अबुल हसनच्या दरबारात सर्वोच्च पदांवर होते. राज्याचा सगळा कारभार मादण्णाच्या हाती होता. १६७७ चा मराठे आणि कुतुबशाहीचा तह घडवण्यात त्याचाच मोठा वाटा होता. शहरात हरीबावली भागात अक्कण्णा-मादण्णांच्या नावाचे महांकाळीचे मंदिरही आहे, आणि बोनालूत तिथली मिरवणूक मोठी असते.

वर चढताना भिंतींतून फुटलेले मातीचे नळ दिसतात. खालच्या हौदांतून रहाटांनी पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवायचे आणि नळांनी वाड्यांत, बागांत, कारंज्यांत खेळवायचे, अशी ही व्यवस्था होती. आठ महिन्यांचा वेढा गड कसा सोसू शकला याचे उत्तर तोफांइतकेच या नळांत आणि वाटेतल्या अंबरखान्यात, म्हणजे धान्याच्या कोठारात आहे.

अंबरखान्याच्या पुढे रामदासाचा बंदिखाना लागतो. पाटी वाचून बहुतेक मराठी पाहुणे चमकतात आणि समर्थांचे नाव घेतात. हे समर्थ रामदास नव्हेत. हे भद्राचलमचे रामदास, मूळ नाव कंचर्ला गोपन्ना. ते भद्राचलम भागाचे तहसीलदार होते. सरकारी वसुलाचा पैसा त्यांनी रामाच्या मंदिरावर खर्च केला आणि त्यापायी त्यांना इथे कैदेत राहावे लागले. कैद बारा वर्षांची होती असे सांगतात. भिंतीवरच्या राम-लक्ष्मण-मारुतीच्या आकृती त्यांनीच कोरल्या अशी श्रद्धा आहे. पुढे राम-लक्ष्मणांनी स्वतः येऊन तानाशहाचे पैसे चुकते केले, ही कथा तेलुगू घरांत लहान मुलालाही ठाऊक असते. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला या गोष्टीत अफरातफर आधी दिसते आणि भक्ती नंतर. पण त्यांनी कैदेत रचलेली तेलुगू कीर्तने आजही गायली जातात, आणि भद्राचलमच्या रामनवमीच्या कल्याणोत्सवाला राज्यकर्त्यांकडून मोती-अक्षता पाठवण्याची चाल आजही पाळली जाते. आपल्याकडच्या दामाजीपंतांची कथा पाहुण्यांना आठवून द्यावी. मंगळवेढ्याचे दामाजीपंत आणि भद्राचलमचे गोपन्ना यांच्या कथा सख्ख्या भावंडांसारख्या आहेत.

शिखराजवळ जगदंबेचे मंदिर आहे आणि अगदी वर बारादरी. इथून एकीकडे कुतुबशाही मकबऱ्यांचे घुमट दिसतात आणि दुसरीकडे नव्या हैदराबादचे उंच मनोरे. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला जुन्या शहराचा अंदाज घेता येतो. धोक्याच्या वेळी सुलतान या जागेवरून आपल्या सोडलेल्या शहराकडे पाहत असेल.

उतरताना दुसऱ्या वाटेने यावे. खाली राणीमहालाचे चौक, कमानी आणि मधले कारंजे आहे. ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम संध्याकाळी इथेच होतो.

महाराजांची भेट कुठे झाली?

आता पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर. छत्रपती शिवाजी महाराज आणि अबुल हसन कुतुबशहा यांची भेट गोवळकोंड्याच्या गडावर झाली नाही. ती भागानगर शहरात, दाद महाल नावाच्या राजवाड्यात झाली. वर सांगितलेली रीत इथे लागू पडते. तो काळ संकटाचा नव्हता. दरबार शहरात होता आणि महाराज पाहुणे म्हणून आले होते. सुलतानाने पाहुण्याचे स्वागत शहरात केले.

हा प्रसंग १६७७ च्या आरंभीचा आहे. रायगडावरचा राज्याभिषेक होऊन तीन वर्षेही झाली नव्हती. दक्षिणेत, आजच्या तमिळनाडूपर्यंत, मोहीम काढायची होती. इतक्या दूर जाताना पाठ सुरक्षित हवी, आणि पैसा व तोफखानाही हवा. कुतुबशहाला मोगलांच्या विरुद्ध बळकट मित्र हवा होता. व्यंकोजीराजांकडची नोकरी सोडून आलेले रघुनाथ नारायण हणमंते यांनी मादण्णाशी बोलून वाट तयार केली. महाराजांचे वकील प्रल्हाद निराजी दरबारात होतेच. हैदराबादेत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी माणसांची यादी कोणी केली तर प्रल्हाद निराजींचे नाव तिच्यात फार वर लागेल.

महाराजांबरोबर मोठी फौज होती. वाटेत आणि शहरात कोणालाही उपद्रव देऊ नये, लागेल ती वस्तू पैसे देऊन घ्यावी, अशी सक्त ताकीद फौजेला होती. शहर सजवले होते आणि लोक रस्त्यांवर पाहायला उभे होते. मुक्काम सुमारे महिनाभर होता. ठरले ते असे : कुतुबशहाने मोहिमेसाठी रोज ३००० होन द्यायचे, आणि सोबत फौज व तोफखाना द्यायचा. जदुनाथ सरकारांनी ही रक्कम महिन्याला साडेचार लाख रुपये अशी दिली आहे. हिशेब सोपा आहे. रोजचे ३००० म्हणजे महिन्याचे ९०,००० होन, आणि होन पाच रुपयांचा धरला की साडेचार लाख होतात. त्या काळात ही रक्कम किती मोठी होती हे सांगायला नको.

भागानगरहून महाराज श्रीशैलमला गेले आणि तिथून पुढे जिंजीकडे. जिंजी हाती आली, वेल्लोरला वेढा पडला, आणि कर्नाटकात स्वराज्याचे पाय रोवले गेले. या तहाचा शेवट मात्र गोड झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. नव्याने जिंकलेल्या मुलखात आपल्याला वाटा मिळेल अशी कुतुबशहाची अपेक्षा होती. जिंजी महाराजांनी आपल्याकडेच ठेवली, आणि पुढे कुतुबशहाची रक्कम थांबली. दोन्ही बाजू आपापले हित पाहत होत्या. तरीही मोगलांविरुद्ध दक्खनच्या सत्तांनी एक व्हावे हा विचार त्या महिन्यात या शहरात बोलला गेला, आणि तो बोलणाऱ्यांत मराठे, तेलुगू ब्राह्मण आणि कुतुबशाही सुलतान एका बाजूला होते.

जिंजीचे महत्त्व बारा वर्षांनी कळले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज जिंजीला गेले आणि १६९८ पर्यंत मराठ्यांचे राज्य तिथून चालले. त्या काळात प्रतिनिधी झाले ते हेच प्रल्हाद निराजी. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावी तमिळनाडूतली जिंजी. त्या जिंजीच्या वाटेवरचा मोठा मुक्काम आपले गाव होते, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

दाद महाल आज उभा नाही. त्या काळचे शहरातले राजवाडे मोगल आक्रमणात आणि नंतर नाहीसे झाले. पण ते राजवाडे चारमिनार आणि चारकमानच्या परिसरात होते, आणि या दोन्ही वास्तू १६७७ मध्ये उभ्या होत्या. म्हणून ‘ती जागा’ विचारणाऱ्या पाहुण्याला संध्याकाळी गुलजार हौजपाशी न्यावे आणि चारही कमानींकडे तोंड करून उभे करावे. बांगड्यांच्या आणि मोत्यांच्या दुकानांमध्ये इतिहास शोधायला थोडी कल्पनाशक्ती लागते, पण जागा तीच आहे.

दहा वर्षांनी

मित्र शहरात भेटला. शत्रू आला तेव्हा गड कामी आला. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडले आणि १६८७ च्या आरंभी औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला. त्याआधीच्या धामधुमीत अक्कण्णा-मादण्णांचा खून झाला होता. वेढा आठ महिने चालला. सुरुंग उडाले, पावसाळा आला, मोगल छावणीत उपासमार आणि रोगराई झाली, तरी गड पडला नाही. शेवटी सप्टेंबरमध्ये अब्दुल्ला खान पन्नी या किल्ल्यातल्याच सरदाराने फितूर होऊन रात्री दार उघडले. आज त्या दाराला फतेह दरवाजा म्हणतात, म्हणजे जिंकणाऱ्याने दिलेले नाव आपण रोज घेतो. अब्दुर्रज्जाक लारी हा सरदार मात्र अखेरपर्यंत लढला आणि जखमांनी चाळण होऊन पडला. फितुराचे आणि इमानी माणसाचे, दोघांचेही नाव मुलांना सांगावे.

अबुल हसनला कैद करून दौलताबादला नेले. तिथल्या किल्ल्यात चिनी महाल आहे, तोच त्याचा तुरुंग. आयुष्याची उरलेली वर्षे तिथे गेली, आणि त्याची कबर खुलताबादला आहे. मराठवाड्यातून आलेल्या पाहुण्यांनी दौलताबाद बहुधा पाहिलेले असते, पण चिनी महालात कोणाला ठेवले होते हे विचारले तर थोडेच सांगू शकतात. गोवळकोंड्याचा शेवटचा राजा तुमच्याकडे आहे, असे म्हटले की त्यांनाही गड जवळचा वाटतो. शहा राजू या सूफी गुरूंचा शिष्य असलेल्या या राजाला तानाशहा म्हणत. हिंदीत याच शब्दाचा अर्थ हुकूमशहा असा झाला आहे, म्हणून पाहुणे त्याला जुलमी समजतात. बंदिखान्यापाशी आणि मादण्णाच्या कचेरीपाशी थांबून आल्यावर त्याच्याविषयीचे मत ज्याने त्याने ठरवावे.

सांगताना घ्यायची काळजी

गडावर वाटाड्ये गोष्टी रंगवून सांगतात. ऐकायला मजा येते, पण मुलांसाठी थोडी चाळणी लावावी.

हिरे गोवळकोंड्याच्या टेकडीत सापडत नव्हते. खाणी कृष्णाकाठी कोल्लूरसारख्या ठिकाणी होत्या. गोवळकोंडा ही त्यांची पेठ होती, म्हणून जगभर त्यांना या गडाचे नाव मिळाले. गडापासून चारमिनारपर्यंतच्या भुयाराची गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगावी.

महाराजांच्या भेटीत सुलतानाने “आपल्याकडे हत्ती किती?” असे विचारले आणि येसाजी कंकांनी हत्तीशी झुंज दिली, ही कथा आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. ती लोककथा म्हणून जरूर सांगावी. पण खरा पराक्रम सांगायचा तर तो तहाचा आहे. लढाई न करता, एका महिन्यात, मोहिमेचा पैसा आणि पाठीची सुरक्षितता मिळवली, हे हत्तीच्या झुंजीपेक्षा अवघड काम होते.

आणि गडाच्या भिंतींवर नावे कोरू नयेत, कोणी कोरत असेल तर नम्रपणे थांबवावे. मराठी नावे कोरलेली दिसली की इतर कोणाच्याही नावापेक्षा आपल्याला अधिक वाईट वाटते.

एका दिवसाचा बेत

सकाळी ९ ते १२ गड. मग बंजारा दरवाजाकडून बाहेर पडून जवळच्या कुतुबशाही मकबऱ्यांकडे जावे. आगाखान ट्रस्टने २०१३ पासून सुमारे दशकभर खपून हा परिसर उत्तम दुरुस्त केला आहे. बाग मोठी आहे, सावली आहे, ज्येष्ठांना बसायला जागा आहे. महंमद कुलीचा मकबरा सर्वांत भव्य आहे. अबुल हसन मात्र आपल्या पूर्वजांजवळ नाही, हे इथे आठवावे. दुपारी जेवण आणि विश्रांती. संध्याकाळी चारकमान, गुलजार हौज आणि चारमिनार. ज्यांना चढणे जमत नाही त्यांच्यासाठी मकबरे आणि संध्याकाळचा भाग पुरेसा आहे.

गोवळकोंडा, कुतुबशाही मकबरे आणि चारमिनार ही तिन्ही स्थळे मिळून २०१० पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. जिंजीचे नाव अंतिम यादीत गेले, गोवळकोंडा अजून वाट पाहतो आहे. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी इथे आपल्या किती पिढ्या झाल्या हे आपण अभिमानाने सांगतो. तसे असेल तर हा गड दाखवताना आपण पाहुण्यांचे सोबती नाही, यजमान आहोत. यजमानाला आपले घर माहीत असायला हवे. पुढच्या वेळी गडावरून उतरताना पाहुण्यांनी तो प्रश्न विचारला की सांगावे : जागा इथे नाही, शहरात आहे, आणि संध्याकाळी आपण तिथे जाणारच आहोत.